विहाराच्या खिरीचा टोप

मित्रांनो, मी एक जुना जर्मनचा टोप आहे. जर्मनचा म्हटलं म्हणून लगेच मला परदेशी समजू नका. आमच्या दौंडात ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनच म्हणतात. माझा पत्रा पुण्यात दाबला गेला आणि १९९१ साली मी इथं, बुद्ध विहारात आलो. माझ्यात पन्नास लिटर दूध मावतं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी ‘बुद्ध विहार समिती, दौंड’ असं कोरलेलं आहे. बुडाला एका अंगाला पातळ झालेला पत्रा आहे, आणि त्यावर एक मोठा काळा डाग. तुम्ही शाळेतर्फे विहार बघायला आलात, मूर्ती बघितली, वहीत उतरवून घेतलंत, हे चांगलं केलंत. आता मागच्या दाराशी पाणी प्यायला आलाच आहात, तर माझंही थोडं ऐका.

दौंड हे जंक्शन. गाड्या चारी दिशांनी येतात, तशी माणसंही आली आणि राहिली. विहाराच्या डाव्या हाताला सेल्वम ड्रायव्हरचं घर, उजव्या हाताला शेख फिटरचं. समोर मराठ्यांची दोन-तीन घरं, कोपऱ्यावर सिंध्याचं किराणा दुकान, मागच्या अंगाला मेंढरं विकून स्थिरावलेली धनगरांची घरं. रविवारी चर्चची घंटा, दिवसातून पाच वेळा बांग, संध्याकाळी मारुतीची आरती आणि आमच्याकडं ‘बुद्धं सरणं गच्छामि’. सगळे आवाज एकमेकांच्या भिंतींवर आपटायचे आणि कुणाचं काही बिघडायचं नाही. ऐकायला काही लागत नाही, मित्रांनो. खायची वेळ आली की माणूस कळतो. मी टोप आहे, मला माणसाचं तोंड कमी आणि हात जास्त दिसतो, म्हणून सांगतो.

मला आणलं ते रेल्वेच्या रुळांची देखभाल करणाऱ्या हौसराव गँगमननं. समितीनं वर्गणी काढली आणि पुण्याला त्यांनाच पाठवलं. दौंड स्टेशनात उतरल्यावर त्यांनी मला डोक्यावर उपडा घेतला, आणि पुलाच्या पायरीवर त्यांचा पाय घसरला. मी गडगडत खाली. बुडाला नारळाएवढी खळी पडली.

“नवं भांडं आन् पहिल्याच दिवशी टेंगूळ,” त्यांची बायको झुंबरबाई म्हणाली. “तुमच्या डोक्याला लागलं न्हाई ना?”

“न्हाई.”

“मग बरंय. टोपाला निदान लागल्यावर आवाज करायची तरी अक्कल हाय.”

शेख फिटरनं लोकोशेडमधून लाकडी हातोडा आणून खळी काढली. पण तेवढ्या जागी पत्रा पातळ झाला तो झालाच. पातळ जागेवर दूध लागतं, म्हणजे बुडाला धरतं आणि करपतं. समितीतले काही जण मला परत करायला निघाले होते. झुंबरबाईनं आडवा हात घातला. “माणूस लंगडा म्हणून कुणी परत करतं का? माझ्याकडं द्या त्याला,” म्हणाली.

तेव्हापासून मी तिचा.

वैशाखातल्या बुद्ध पौर्णिमेला आमच्याकडं तांदळाची खीर करतात. सिद्धार्थ उपासानं पार वाळला होता, तेव्हा सुजातानं त्याला खीर दिली आणि त्यानं ती खाल्ली, ही गोष्ट तुम्हाला आत भिंतीवरच्या चित्रात दिसली असेल. ती खीर करायचा मान झुंबरबाईचा. मान म्हणजे कुणी हार घातला नव्हता. पहाटे उठून चूल पेटवायची असते, तेव्हा मान आपोआप एकाकडंच येतो.

तिची रीत मी पाठ केली आहे. आधी माझ्या बुडाला बाहेरून राख-मातीचा जाड लेप. मग पातळ अंग चुलीच्या तोंडाकडून मागं फिरवायचं, तिकडं जाळ कमी लागतो म्हणून. आत तुपाचा हात फिरवायचा. दूध ओतलं की बुडाशी एक चिनी मातीची बशी उपडी टाकायची. दूध बुडाला धरायला लागलं की बशी खडखडते, तिचा आवाज बदलतो. झुंबरबाई दुसऱ्याशी बोलत असली तरी तिचा एक कान त्या बशीकडं असायचा. मध्येच उठून ती उलथन्यानं बूड खरवडून यायची. बारा वर्षांत माझ्यात एकदाही खीर लागली नाही.

स्वयंपाक हे तिचं रोजचंच काम होतं. हौसराव गेल्यावर तिला रेल्वेच्या रनिंग रूममध्ये नोकरी मिळाली. बाहेरगावचे ड्रायव्हर आणि गार्ड गाडी सोडून जिथं झोपतात-जेवतात, ती ही जागा. तिथं रोज तीस-चाळीस माणसं तिच्या हातचं जेवायची. आमच्या समोरच्या घरातले बापूसाहेबही ड्यूटीच्या दिवशी घरी न जाता तिथंच जेवायचे. ते मालगाडीचे गार्ड, माणूस मोकळा, गावाकडं ऊस, भाऊबंद राजकारणात. “झुंबरबाईच्या पिठल्याला तोड नाही,” हे वाक्य ते आठवड्यातून दोनदा तरी म्हणायचे, आणि पिठलं पुसून खायचे.

१९९३ साली गल्लीतल्या जाणत्या माणसांनी एक चांगली गोष्ट ठरवली. आदल्या हिवाळ्यात देशात बरंच जळालं होतं. आमच्याकडं काही झालं नाही, पण माणसं एकमेकांकडं जपून बघायला लागली होती. म्हणून ठरलं की ज्याचा सण त्याच्या दारी बाकीच्यांनी जायचं. ईदला शेखकडं, नाताळला सेल्वमकडं, हनुमान जयंतीला पारावर, आणि बुद्ध पौर्णिमेला संध्याकाळी पाच वाजता विहारात.

आमच्याकडं या पाहुण्यांचं सगळं बघायचे पोपट ओहोळ. ते समितीचे सचिव, रेल्वेच्या ऑफिसात कारकून. नाव पोपट, पण कुणी ‘ओहोळसाहेब’ म्हटलं की त्यांची मान एक इंच वर जायची. पाहुणे यायचे, चपला ओळीत काढायचे, मूर्तीपुढं मेणबत्ती लावायचे. बायका पोरांना डोळ्यांनी दटावायच्या. एखादं पोरगं विचारायचंच, “यांनी डोळे का मिटलेत?” मग ओहोळसाहेब वीस मिनिटं सांगायचे. वीस मिनिटांनी त्या पोराचेही डोळे मिटलेले असायचे. बापूसाहेब दर वर्षी मूर्तीला मोठा हार आणायचे आणि बाबासाहेबांच्या फोटोलाही वाकून नमस्कार करायचे. ते मनापासून करायचे, हे मी मान्य करतो.

शेवटी खीर. झुंबरबाई माझ्यातून डावानं काढायची, पळसाच्या द्रोणात घालायची आणि हातात द्यायची. सेल्वमची बायको तिथंच बसून दोन द्रोण संपवायची. शेख फिटर काजू शोधत खायचा. आणि बाकीचे? बाकीचे द्रोण घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि म्हणायचे, “घरी जाऊन खातो.” कुणाला त्याच दिवशी उपास निघायचा. कुणाची शुगर. आमच्या गल्लीतली शुगर बाकी वर्षभर गुण्यागोविंदानं नांदायची, पण बुद्ध पौर्णिमेला पाच वाजता एकदम वाढायची.

विहाराच्या मागं वळणावर बाभळी आहेत. ते द्रोण तिथवर जायचे. तिथून पुढं जायचे नाहीत.

मी मागच्या दाराशी असतो, मला दिसायचं. कुणा एका घराकडं बोट दाखवत नाही. साठ द्रोण वाटले तर तीस-पस्तीस बाभळीखाली, आणि त्यात सगळ्या दिशांनी आलेल्या गाड्यांतली माणसं होती. फेकणाऱ्यांनाही ते बरं वाटत नसावं. इकडंतिकडं बघून, हळूच, कुणी झोपलेलं मूल ठेवावं तसा द्रोण खाली ठेवायचे. नाही म्हणायची लाज वाटायची आणि खायचीही.

पोपट ओहोळांना हे पहिल्या वर्षापासून माहीत होतं. पाहुणे पांगले की ते पोतं घेऊन बाभळीखाली जायचे आणि झुंबरबाईच्या नजरेला पडायच्या आत सगळे द्रोण उचलायचे. नऊ वर्षं त्यांनी ते केलं. हे त्यांचं पुण्य मी त्यांच्या नावावर ठेवतो, कारण पुढं ते फारसं उरलं नाही.

दहाव्या वर्षी एक पाहुणे बोलत बसले म्हणून ओहोळांना उशीर झाला, आणि झुंबरबाई चुलीतली राख टाकायला वळणावर गेली. तिथं धनगरांच्या ताईबाईच्या शेळ्या द्रोण चाटत होत्या. म्हातारी ताईबाई काठीला टेकून उभी होती.

“ये गं,” ताईबाई म्हणाली. “वर्षातनं एक डाव माझ्या शेळ्या खीर खात्यात, तुझ्या जिवावर. पोपट्या लई घाई करतो उचलायची, आज गावली.”

झुंबरबाईनं वाकून द्रोणांकडं नीट बघितलं.

“तुला ठावं न्हवतं व्हय?” ताईबाईचा चेहरा पडला. “मला वाटलं, तुला ठावं हाय. म्या तर तुझ्या दारातच खाते बाई.”

झुंबरबाईनं राखेची पाटी खाली ठेवली आणि द्रोण मोजले. चौतीस. मग ती परत आली आणि मला घासायला बसली. त्या दिवशी तिनं मला इतकं घासलं की माझ्यात तोंड दिसायला लागलं.

पुढचं मला तिनंच सांगितलं, माझ्याशी ती बोलायची. दुसऱ्या दिवशी रनिंग रूममध्ये बापूसाहेब जेवायला बसले.

“साहेब, कालची खीर कशी झालती?” तिनं विचारलं.

“एक नंबर! विचारायचं काम नाही.”

“गोड जास्त न्हाई ना झाली?”

“छे छे. बरोब्बर.”

“न्हाई, म्या घरी गेल्यावर ध्यानात आलं, काल साखर घालायचीच राह्यली.”

साखर घातली होती, मित्रांनो. मी साक्षीला होतो. पण बापूसाहेबांचा घास हातातच राहिला. “तेच म्हटलं... जरा कमी...” असं काहीतरी ते म्हणाले. झुंबरबाईनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. “खावा,” म्हणाली. “हिथं तर खाताच की.”

तिला वाटलं, लाज वाटली की माणूस सुधारतो. तिचं सगळं आयुष्य चुलीपुढं गेलं होतं, माणसांचा हिशेब तिला तितका जमत नसे. बापूसाहेबांना लाज वाटली हे खरं. पण आपण खीर टाकतो याची लाज वाटण्याऐवजी, आपण सापडलो याची वाटली. त्यांनी त्यावर तोडगाही काढला. पुढच्या पौर्णिमेच्या महिनाभर आधी ते विहारात आले.

“ओहोळसाहेब, राग मानू नका. एवढा कार्यक्रम मोठा झालाय आपला. एखादा आचारी लावा की. लोक कसे बिनघोर खातील.”

“बिनघोर म्हणजे?” ओहोळांनी विचारलं. त्यांना कळलं होतं, तरी विचारलं.

“म्हणजे... आचारी म्हटलं की प्रश्नच राहत नाही ना. शिरूरला आपला मल्हारी आहे. आचाऱ्याचा खर्च माझ्याकडं लागला.”

त्या वेळी ओहोळांनी एक शब्द टाकला असता, तर आज मी तुमच्याशी वेगळं बोलत असतो. पण नऊ वर्षं पोतं भरून त्यांचीही पाठ दुखत असावी. त्यांना एकदा तरी बाभळीखाली स्वच्छ जमीन बघायची होती. “बघतो,” म्हणाले. आणि संध्याकाळी झुंबरबाईच्या दारात गेले. मी तेव्हा तिच्याच ओट्यावर होतो, वर्षाची घासणी चालली होती.

“आक्का, आता वय झालं तुमचं. किती दिवस धूर खायचा?”

“रनिंग रूमला चाळीस जणांचा धूर खाते, तवा न्हाई व्हय म्हातारी व्हत?”

“तसं नाही आक्का. या वर्षी तुम्ही पाहुण्यांत बसा. मान घ्या जरा.”

“पोपट,” ती म्हणाली, “बाभळीखालचे द्रोण म्या मोजलेत. सरळ बोल.”

ओहोळ खाली बघत बोलले, “लोक खात नाहीत आक्का. आपण एवढं करतो, आणि शेळ्या खातात. एकदा त्यांना सवय लागू दे. मग तुम्हीच करा.”

“म्हंजी त्यांनी माझ्या हातचं खावं म्हणून, म्या हात लावायचा न्हाई?”

ओहोळांनी मला उचललं. खीर विहाराच्याच टोपात व्हायला हवी, काठावर समितीचं नाव आहे, असा त्यांचा आग्रह होता. माझ्या एका कडीला त्यांचा हात होता. दुसऱ्या कडीवरचा झुंबरबाईचा हात सुटायला जरा वेळ लागला.

पौर्णिमेला मल्हारी आचारी आला. माणूस साधा, कामाचा. त्यानं गॅसची भट्टी लावली आणि मला तिच्यावर ठेवलं. राख-मातीचा लेप नाही, बशी नाही. भट्टीचा आवाज एवढा, की बशी असती तरी ऐकू आली नसती. पातळ अंग नेमकं जाळावर. मी तापायला लागलो. टोपाला ओरडता येत नाही, ही आमच्या जातीची मोठी खोट आहे.

झुंबरबाई पांढरं लुगडं नेसून पाहुण्यांच्या ओळीत बसली होती. दूध बुडाला धरलं तसं तिचं नाक हललं. ती उठून मागं आली.

“आप्पा, ह्या अंगाला जाळ कमी करा. पत्रा पातळ हाय तिथं. एक बशी टाका आत.”

“बरं झालं सांगितलं मावशी,” मल्हारी म्हणाला आणि खाली वाकला.

तेवढ्यात ओहोळ धावत आले. पाहुणे मागच्या दारातून बघत होते. टोपाशी झुंबरबाई दिसली, की सगळं मुसळ केरात. “आक्का, तुम्ही बसा तिकडं. त्यांचं त्यांना करू द्या. चला, चला.” त्यांनी तिला दंडाला धरून नेलं, अगदी आदरानं. पाठोपाठ मल्हारीलाही ओढलं, बापूसाहेबांना ओळख करून द्यायची होती. आचारी कोण, कुठला, हे चारचौघांत कळायला हवं होतं ना. ती ओळख दहा मिनिटं चालली.

दहा मिनिटांत खीर करपली.

मल्हारीनं येऊन चाखली आणि कपाळाला हात लावला. “ओहोळसाहेब, करपली की ओ! ही कशी वाढायची?”

“वाढा,” ओहोळ म्हणाले.

आणि मित्रांनो, लोकांनी खाल्ली. उपास मोडले, शुगर उतरली. तपकिरी पडलेली, धुराच्या वासाची, दाताखाली काळे कण येणारी ती खीर त्यांनी तिथंच उभं राहून खाल्ली. “कशी खरपूस लागते!” एक जण म्हणाले. बापूसाहेबांनी दुसरा द्रोण मागितला. सेल्वमच्या बायकोनं मात्र एक चमचा खाऊन झुंबरबाईकडं बघितलं आणि द्रोण खाली ठेवला. झुंबरबाईच्या हातातही कुणीतरी द्रोण दिला होता. तिनं तो शांतपणे पूर्ण खाल्ला. अन्न टाकायची तिला सवय नव्हती.

मल्हारी माझ्यापाशी उभा राहून हे सगळं बघत होता. “आधी खीर कोण करायचं इथं?” त्यानं ओहोळांना विचारलं. त्यांनी बोटानं दाखवलं. “मग त्यांनाच का नाही लावलं?” त्यानं विचारलं. ओहोळ द्रोण गोळा करायला निघून गेले. त्या दिवशी बाभळीखाली एकही द्रोण नव्हता. ताईबाईच्या शेळ्या येऊन परत गेल्या.

चार दिवसांनी पेपरात दोन बोटांची बातमी आली की सर्व धर्मीयांनी एकत्र खिरीचा आस्वाद घेतला. ओहोळांनी ती कापून चौकटीत लावली. आतल्या भिंतीवर आहे, तुमच्यापैकी कुणीतरी ती उतरवूनही घेतली असेल.

मी मात्र बुडाला बोटभर काळा थर घेऊन पडलो होतो. मल्हारीच्या माणसांनी घासून बघितलं, निघेना. मग मला कुणाकडं पाठवलं असेल? बरोबर. झुंबरबाईकडं. शिजवायला नको होता तो हात घासायला चालत होता. घासण्याला कुणाचीच हरकत नसते.

ती राख आणि नारळाची शेंडी घेऊन बसली. दोन दिवस घासलं. तिची बोटं सोलवटली, मला निम्मा डाग गेल्यासारखा वाटला. तिसऱ्या दिवशी ओहोळ चौकशीला आले.

“पुढल्या साली कोण शिजवणार, पोपट?” तिनं वर न बघता विचारलं.

“आक्का, आत्ता कुठं लोकांना सवय लागतीय...”

तिनं शेंडी बाजूला ठेवली. हात धुतले. “घेऊन जा,” म्हणाली. “ऱ्हायलेला डाग तुमचा हाय.”

त्यानंतर तिनं मला हात लावला नाही. दर बुद्ध पौर्णिमेला ती रनिंग रूममध्ये ड्यूटी मागून घ्यायची. ज्या दिवशी सगळी गल्ली विहारात खीर खायला यायची, त्या दिवशी ती गाड्या सोडून आलेल्या माणसांना भाकऱ्या थापून वाढायची. पुढं निवृत्त झाली आणि लेकीकडं शिरूरला गेली. पौर्णिमेचं बोलावणं ओहोळ दर वर्षी पाठवतात, छापील.

आचारी आता स्वतःची भांडी आणतात. मला विहाराच्या बांधकामाला दिलं. मी वाळू वाहिली, गिलाव्याला पाणी भरलं, आता नुसता बसून असतो. माझी तक्रार नाही. भांड्यानं काय, जे घालतील ते धरावं.

पण मित्रांनो, तुमच्याकडं एक मागणं आहे. माझा डाग घासायला येऊ नका, तो राहू द्या. कुणाच्या दारी गेलात आणि त्याच्या हातचं खायचं नसेल, तर तोंडावर नाही म्हणा. त्याला वाईट वाटेल, पण निदान तो पुढच्या वर्षी तुमच्यासाठी पहाटे उठणार नाही. आणि तुमच्या घरी कधी मोठे पाहुणे आले, आणि तुमच्या चुलीशी बसलेलं माणूस त्यांना चालत नसेल, तर पाहुण्यांना उपाशी जाऊ द्या. आपल्या माणसाला चुलीवरून उठवू नका. पाहुणे तासाभरात चपला घालून आपापल्या घरी जातात. उठवलेलं माणूस परत येऊन बसत नाही. मी पाच वर्षं मागच्या दाराकडं बघतो आहे.